दहा फुटी फळ्या सरळ करून जीभ-खाचेने भिंत मढवताना

वखारीतून घरी आलेली दहा फुटांची सागाची फळी सरळ नसते, आणि त्यात वखारवाल्याचा फारसा दोष नसतो. झाड उभं असताना त्याच्या अंगात जो ताण असतो तो करवत फिरली की मोकळा होतो. मग सुकताना एक बाजू जास्त आकसते आणि फळी वाकते. हे सगळं वाकडेपण काढायला गेलात तर इंचाची फळी अर्ध्या इंचावर येईल आणि अंगणात भुशाचा ढीग लागेल. म्हणून कोणतंही मशीन लावण्याआधी कोणता वाक काढायचा आणि कोणता तसाच सोडून द्यायचा, हे ठरवा.

उदाहरणाला कोकणातल्या घराची पश्चिमेकडची भिंत घेऊ, पडवीच्या वरची. पूर्वी पावसाळ्यात झड अडवायला तिथे झाप बांधत. ती आता आडव्या फळ्यांनी बाहेरून मढवायची आहे. भिंत दहा फूट रुंद, आठ फूट उंच. फळी तयार झाल्यावर पाऊण इंच जाड, जिभेसकट पाच इंच रुंद. जीभ म्हणजे एका कडेवर पुढे आलेली पट्टी, ती शेजारच्या फळीच्या कडेतल्या खाचेत बसते. जीभ खाचेत गेल्यावर दिसणारी रुंदी ११८ मिमी. आठ फुटांत अशा २१ ओळी बसतात.

कोणता वाक खरा वैरी

फळी चार तऱ्हांनी वाकडी होते. तोंडाकडून वाकली, म्हणजे सपाट ठेवल्यावर मध्ये उचलली गेली, तर तो बाक. कडेच्या दिशेने तलवारीसारखी वळली तर तो कडेचा वाक. रुंदीत खोलगट झाली तर पन्हळ. आणि एका टोकाचा कोपरा उचलला गेला तर पीळ.

बाकाची काळजी करू नका. पाच इंच रुंद, पाऊण इंच जाड, दहा फूट लांब फळीला मध्ये १० मिमी बाक असेल तर तो दाबून सपाट करायला दोनेक किलोचा जोर पुरतो. रिपेवर (भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर) खिळा मारताना हाताने दाबली की काम झालं. तेवढाच वाक कडेत असेल तर मात्र तीच फळी सरळ करायला सुमारे चव्वेचाळीसपट जोर लागतो, सत्तर किलोच्या आसपास. याचं कारण रुंदी-जाडीच्या प्रमाणात आहे: रुंदी जाडीच्या साडेसहा पटींहून थोडी जास्त, आणि ताठपणा त्या पटीच्या वर्गाने वाढतो. पाचर मारून ती जागेवर आणताही येईल, पण पहिल्या उन्हाळ्यात जीभ तडकेल किंवा सांधा उघडा पडेल. कडेत दहा फुटांना एक सूत, म्हणजे तीन मिमी, एवढा वाक चालतो. त्यापुढे नाही.

पन्हळ रंध्यावर निघते. पीळ असलेली फळी या कामातून सरळ बाजूला काढा. तिच्या तीन-तीन फुटी तुकड्यांतून खिडकीभोवतीच्या पट्ट्या निघतील.

लाकूड आणताना

हिशेब असा: २१ ओळी गुणिले दहा फूट म्हणजे २१० फूट. कच्ची फळी सहा इंच रुंद आणि पूर्ण एक इंच जाड धरली तर पावणेनऊ घनफूट. त्यावर पाव भाग जास्त धरा, म्हणजे अकरा घनफूट. फळ्या दहा फुटांपेक्षा तीन-चार इंच लांबच मागा, टोकांना चिरा असतातच. स्वतःच्या जागेतला साग तोडायचा असेल तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक पास. हे कागद आधी, कुऱ्हाड नंतर.

वखारीत फळी टोकाकडून डोळ्याला लावून बघा. कड बघा, तोंड बघणं दुय्यम. मग टोकावरच्या वर्तुळरेषा बघा. रेषा तोंडाला साधारण काटकोनात उभ्या असतील तर ती फळी दमट-कोरड्यात निम्म्याहून कमी हलते. आडव्या रेषेची, म्हणजे वर्तुळरेषा तोंडाला समांतर असलेली, सागाची फळी हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत ५.८ टक्के आकसते, उभ्या रेषेची फक्त २.५ टक्के. सगळ्या फळ्या उभ्या रेषेच्या मिळणार नाहीत. मिळतील तेवढ्या झड लागणाऱ्या खालच्या ओळींना राखून ठेवा. पांढरं लाकूड, म्हणजे सालीलगतचा फिकट भाग, सागाचा असला तरी किडतो. तो कडेला असेल तर चिरकामात जाईल. तोंडभर असेल तर फळीच नको.

सुकवणं

या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच आणि यातच बहुतेकांची भिंत बिघडते. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, दर दीड-दोन फुटांवर एक इंची आडव्या पट्ट्या घालून थर लावा. पट्ट्या एकावर एक, ओळंब्यात यायला हव्यात. नाहीतर सुकता सुकता फळ्यांना नवा बाक आपणच देतो. टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावा, वर चिऱ्यांचं वजन ठेवा.

लाकूड किती सुकलं ते हाताला कळत नाही. मीटर असेल तर उत्तम. नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापून घरच्या वजनकाट्यावर तोला आणि ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. आधी २४० ग्रॅम आणि शेवटी २१० भरलं तर ३० ग्रॅम पाणी गेलं. ३० भागिले २१० म्हणजे १४ टक्के. भागाकार नेहमी कोरड्या वजनाने.

आता हवं किती? हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तिथे लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८५-९० टक्के असेल तिथे १८ ते २० वर जातं. किनाऱ्यालगत पावसाळ्यात हेच होतं. म्हणून कोकणातल्या बाहेरच्या भिंतीसाठी १२ ते १४ टक्के ठीक. पुण्याच्या मार्चमध्ये ८ टक्क्यांपर्यंत उतरलेलं लाकूड ट्रकने आणून दुसऱ्या दिवशी ठोकलंत तर आषाढात ते दहा टक्क्यांनी वर जाईल, आणि आडव्या रेषेची पाच इंची फळी सुमारे २.४ मिमी रुंद होईल. २१ ओळींना हे पन्नास मिमी झालं, दोन इंच! जागा नसेल तर फळ्या खिळे उपटून फुगून बाहेर येतात.

आधी कच्चं कापा, मग थांबा

सुकलेल्या फळीवर लगेच अंतिम माप टाकू नका. प्रत्येक फळी पुन्हा डोळ्याला लावून खडूने कडेचा वाक लिहा. तो मोजायला फळीच्या पोकळ कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि मध्ये पडलेलं अंतर पट्टीने बघा.

इथे एक फायद्याचं गणित आहे. फळी अर्धी केली की वाक अर्धा होत नाही, पाव होतो. दहा फुटांत २४ मिमी वाक असेल तर सरळ करताना तेवढी रुंदी वाया जाते. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे केले तर प्रत्येकी सहाच मिमी. भिंतीला सगळ्या फळ्या अखंड कशाला हव्यात? सांधा रिपेवर येऊ द्या, एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्याखाली येऊ देऊ नका, झालं. अखंड दहा फुटी फळ्या डोळ्यासमोरच्या ओळींना ठेवा.

मग प्रत्येक फळी अंतिम रुंदीपेक्षा पाच-सहा मिमी जास्त ठेवून चिरा आणि पुन्हा पट्ट्या घालून आठ-पंधरा दिवस रचून ठेवा. चिरल्यावर लाकूड परत हलतं. चिरताना खाच मागून मिटायला लागली, पातं धरलं जातंय असं वाटलं, तर मशीन बंद करा, खाचेत लाकडी पाचर घाला आणि मगच पुढे जा.

पहिली सरळ कड

हे साधलं की बाकीचं सगळं तिच्या आधाराने होतं. पण सरळ कड काढायला आधी एक सरळ वस्तू लागते. कारखान्यातून आलेल्या प्लायची कड चांगली असते, पण ती आठ फुटांचीच. गवंडी प्लास्टरला वापरतात तशी ॲल्युमिनियमची चौकोनी पोकळ पट्टी बारा फुटांची मिळाली तर तीच घ्या. तीही तपासून. जमिनीवर प्लाय किंवा पुठ्ठा पसरून पट्टीच्या कडेने बारीक पेन्सिलीची रेघ मारा, पट्टी उलटी पालटून तीच कड त्याच दोन टोकांना लावा आणि परत रेघ मारा. दोन रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टीची चूक फटीच्या निम्मी.

पुढचं तुमच्याकडे काय आहे त्यावर आहे.

हातातली सर्क्युलर, म्हणजे गोल पात्याची करवत, असेल तर फळी प्लायच्या तुकड्यांवर सपाट ठेवा, वर पट्टी क्लॅम्पने पक्की करा आणि मशीनचा पाया पट्टीला टेकवून एका दमात कापा. पोकळ कड निवडा. तिथे दोन टोकं आधी कापली जातात आणि मधे पातं हवेतून जातं, त्यामुळे किती काढायचं ते समोर दिसतं. एकट्या माणसाला लांब फळीसाठी हीच पद्धत सर्वांत सोयीची, कारण फळी जागेवर राहते आणि मशीन फिरतं.

टेबल सॉ असेल तर दहा फुटी सरळ प्लायची पट्टी करा, तिच्यावर वाकडी फळी टोकांच्या वाया जाणाऱ्या भागात स्क्रूने अडकवा, वाकडी कड पट्टीबाहेर आणा आणि प्लायची कड फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर असलेल्या आधारपट्टीला, लावून ढकला. वाकडी कड थेट फेन्सला कधीही लावू नये. फळी डुलली की पातं तिला उचलून तुमच्याच पोटाकडे फेकतं. यासाठी मशीनच्या पुढे दहा आणि मागे दहा फूट मोकळी जागा हवी. म्हणजे हे काम खोलीत नाही, अंगणात किंवा खळ्यात. मागच्या बाजूचे आधार टेबलच्या पातळीत हवेत, दोरा ताणून बघा. अर्धा इंच खाली असले तरी फळीचं टोक लोंबतं आणि पुढचं टोक उचललं जातं.

सरफेस प्लेनर, म्हणजे वखारीतलं रंधा मशीन, त्याच्या टेबलाच्या दुप्पट लांबीपर्यंतच भरवशाचं. पाच फुटांच्या टेबलावर दहा फुटी फळी जेमतेम. पोकळ बाजू खाली ठेवून आधी दोन टोकांवरूनच एक-दोन हात फिरवा, मग पूर्ण लांबीने. फुगीर बाजू खाली ठेवली तर फळी पाळण्यासारखी हलते आणि मशीन तोच वाक गुळगुळीत करून परत देतं.

कड झाली का, हे बघायला दोन तयार फळ्या कडेला कड लावून सपाट ठेवा आणि पलीकडे उजेड धरा. मध्ये उजेड दिसला तर पोकळी, टोकांना दिसला तर फुगीरपणा. दोन फळ्यांची चूक एकत्र दिसते, त्यामुळे अर्धा मिमीसुद्धा लपत नाही. जिथे अजून अडतं तिथे लांब रंध्याचे दोन हात मारा. मशीनवर परत चढवायची गरज नाही.

जाडी

एक तोंड आधी साफ करायचं, पन्हळीची पोकळ बाजू खाली ठेवून. इथे पूर्ण लांबीत सपाट करायचा हट्ट धरू नका. पन्हळ गेली, करवतीच्या खुणा गेल्या की पुरे. बाक राहिला तर राहू द्या.

थिकनेस प्लेनर, म्हणजे जाडी एकसारखी करणारं मशीन, त्याबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे, की त्यातून काढली की फळी सरळ होते. होत नाही. आतले रोलर फळीला दाबून सपाट करतात, पातं तेवढी जाडी काढतं, आणि बाहेर आल्यावर फळी पुन्हा वर उठते. जाडी सगळीकडे एक झाली, वाक तसाच. आपल्याला इथे नेमकं एवढंच हवं आहे.

एका वेळी दीड मिमीपेक्षा जास्त काढू नका. टोकांना पातं खोल जाऊन पायरी पडते. ती टाळायला फळ्या एकामागे एक, टोकाला टोक लावून घाला आणि बाहेर येणारी फळी किंचित उचलून धरा. सगळ्या फळ्या एकाच मापावर काढून मगच पुढचं माप लावा. रेषा कोणत्या दिशेने चढते ते बघून फळी घाला. उलटी घातली की तोंडावरून लाकूड उपटतं. सागात सिलिका असते, साधं पातं लवकर बोथट होतं, म्हणून कार्बाइडच्या पात्यांचा खर्च टाळू नका. सागाच्या भुशाने कातडीला खाज येते आणि घसा धरतो: मास्क आणि चश्मा हवाच. हातमोजे मात्र फिरत्या मशीनजवळ नकोत.

यानंतर सरळ कड फेन्सला लावून दुसरी कड चिरा. सगळ्या फळ्या एकाच सेटिंगवर, एकाच दिवशी.

जीभ आणि खाच

पाऊण इंची फळीला ६ मिमी रुंद आणि १० मिमी खोल खाच, ९ मिमी लांब जीभ. हा एक मिमी मुद्दाम. जिभेचं टोक खाचेच्या तळाला टेकलं तर समोरची फट मिटत नाही. जीभ जाडीला ५.८ मिमी. दोन फळ्या हाताने ढकलून बसल्या पाहिजेत आणि उचलल्यावर आपोआप सुटायला नकोत.

राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने कडा कोरणारं मशीन), त्याचं टेबल आणि अर्धा इंची दांड्याचा टंग-ग्रूव्ह बिटचा, म्हणजे जीभ आणि खाच कापणाऱ्या पात्यांचा, जोड घ्या. पाव इंची दांड्याचे हलके राउटर शेकडो फूट सागापुढे तापतात. तेवढ्यात गावातलं व्होल्टेज पडलं तर वेग उतरून लाकूड जळल्याचे काळे डागही पडतात.

प्रत्येक फळीचं दर्शनी तोंड पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि खाच असो की जीभ, ते तोंड नेहमी टेबलवरच खाली राहू द्या. जाडीत दोन-तीन दशांश मिमीचा फरक उरला असेल तर तो मागच्या बाजूला जातो, पुढून भिंत एकसारखी दिसते. एक फळी चुकून उलटी गेली तर तिची पायरी भिंतीवर कायम दिसत राहते.

आपण सोडून दिलेल्या बाकाचा हिशेबही इथे चुकता होतो. बिटच्या बरोबर वर आणि बाजूने दाबपट्ट्या बसवा: लवचीक लाकडाच्या, दात कापलेल्या. फळी बाकदार असली तरी कापल्या जाणाऱ्या जागी ती टेबलला चिकटलेली असेल, तर खाच तोंडापासून सगळीकडे सारख्या अंतरावर पडते. टेबल फार लांब असण्यापेक्षा हा दाब नेमका असणं महत्त्वाचं. फळी अर्ध्यावर थांबवू नका. दोघं असाल तर ढकलणारा एकच असावा, दुसऱ्याने फक्त वजन तोलावं, ओढू नये.

आधी सगळ्या खाचा काढा. मग वाया गेलेल्या तुकड्यावर जीभ बसवून बघत सेटिंग लावा, कारण जीभ जाड-बारीक करणं सोपं, खाच नाही. शेवटी दोन्ही दर्शनी कडांना दीड-दोन मिमीचा उतार मारा. सांध्यावर बारीक व्ही दिसतो आणि ऋतुमानाने फट कमी-जास्त झाली तरी डोळ्यांत भरत नाही.

वखारीत चारी बाजूंनी एकदम रंधणारं मशीन असेल तर हे सगळं एका तासात होतं आणि पैसेही वाजवी लागतात. फक्त तिथे आधी सरळ कड काढून न्या. वाकडी फळी त्यातूनही वाकडीच येते, जीभ-खाचेसकट.

भिंतीवर

ठोकण्याआधी तेलाचा एक हात चारी बाजूंनी, जिभेवर आणि खाचेतही. नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की प्रत्येक सांध्यातून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ बाहेर डोकावते.

भिंतीवर उभ्या रिपा, इंचभर जाड, दीड फुटावर. खाली आणि वर जाळी लावून हवा खेळती ठेवा. आत गेलेलं पाणी तिथूनच सुकणार. खालची फळी जमिनीपासून निदान आठ इंच वर, पागोळीचे शिंतोडे लागतात तिथून वर.

जीभ वर, खाच खाली. उलटं केलं तर खाच पाण्याची पन्हाळी होते. खिळा जिभेच्या मुळाशी ४५ अंशांत, पुढची फळी तो झाकते. आधी बारीक भोक पाडा, साग टोकाशी फाटतो. लोखंडी खिळा सागात काळा ओघळ सोडतो, म्हणून स्टेनलेस. समुद्र जवळ असेल तर ३१६ दर्जाचे. दर रिपेला एका फळीत एकच खिळा, म्हणजे फळीला रुंदीत हलायला वाव राहतो.

सांध्यात फट किती ठेवायची ते महिन्यावर आणि लाकडाच्या टक्क्यांवर ठरतं. १२-१३ टक्क्यांच्या फळ्या मे महिन्यात ठोकत असाल तर एक ते दीड मिमी. आडव्या रेषेच्या फळीला जास्त, उभ्या रेषेच्या फळीला कमी. सनमायकाचा तेवढ्या जाडीचा तुकडा मध्ये धरून ठोका आणि काढून घ्या. भर पावसात, १८ टक्क्यांना काम करत असाल तर फट नकोच, घट्ट बसवा. उरलेला सूतभर कडेचा वाक इथे निघतो: एक टोक खिळ्याने पक्कं करा, रिपेत पटाशी रोवून फळी खाली दाबा, दुसऱ्या हाताने पुढचा खिळा. जिभेवर थेट हातोडी मारू नका. खाच असलेला एक तुकडा वर धरून त्यावर मारा.

दर चौथ्या ओळीला पाणसळ लावा. दोन मिमी चुकत असेल तर पुढच्या तीन-चार सांध्यांत वाटून टाका. शेवटची ओळ वाशाखाली अखंड बसणार नाही, ती चिरून रुंदी कमी करावी लागते आणि तिथे जीभ नसल्याने तोंडातूनच स्क्रू मारावा लागतो. भिंतीच्या चारी बाजूंना दहा मिमी जागा सोडून वर पट्टी लावा. ती पट्टी भिंतीला ठोका, फळ्यांना नाही. जागेवर कापलेलं प्रत्येक टोक बसवण्याआधी तेलात बुडवा. फळीत पाणी सर्वांत जास्त शिरतं ते तिथूनच.